ग्रामीण कम्युनिटी कॉलेज आणि स्वतंत्र अधिस्वीकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील लहान गावांमधली काही सार्वजनिक कॉलेजे सुरुवातीची अनेक वर्षे दुसऱ्या, मोठ्या कॉलेजच्या अधिस्वीकृतीच्या, म्हणजे शैक्षणिक दर्जाच्या मान्यतेच्या, आधाराने चालतात आणि पुढे कधीतरी स्वतःच्या नावाने अधिस्वीकृती मिळवण्यासाठी अर्ज करतात. आपल्याकडे विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय स्वायत्त होऊ पाहते, त्याच्याशी या वाटचालीचे थोडे साम्य आहे. मात्र नियम, पैसा आणि जबाबदारी यांची मांडणी पुष्कळ वेगळी आहे. तिकडे शिकायला जाऊ इच्छिणारे विद्यार्थी, तिकडे स्थायिक झालेले मराठी पालक आणि इथल्या महाविद्यालयांत नॅकचे, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यमापनाचे, काम सांभाळणारे प्राध्यापक यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः ऑरेगॉन राज्यातील ऑरेगॉन कोस्ट कम्युनिटी कॉलेजचा आधार घेतला आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमके कोणत्या प्रकारचे कॉलेज?

दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणारे, बहुतांशी स्थानिक कर आणि राज्याचे अनुदान यांवर चालणारे आणि प्रवेशासाठी गुणांची चाळणी न लावणारे सार्वजनिक कॉलेज. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 मध्ये सुरू झाले, तिथून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव मात्र 1947 च्या ट्रूमन आयोगाच्या अहवालानंतर रूढ झाले. येथे मिळणाऱ्या पदवीला असोसिएट पदवी म्हणतात. सहामाही सत्रांच्या कॉलेजात तिच्यासाठी साधारण 60 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात, तर ऑरेगॉनसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाचे तिमाही तुकडे पाडतात, तिथे 90. ही पदवी घेऊन विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, किंवा नर्सिंग, वेल्डिंग, हिशेबनिशी असे काही शिकून नोकरीला लागू शकतो. शिक्षण अर्धवट सुटलेले प्रौढ आणि इंग्रजी शिकणारे स्थलांतरित याच इमारतीत येतात. गाव लहान असेल, तर उच्च शिक्षण देणारी पंचक्रोशीतली ती एकमेव जागा असते.

अधिस्वीकृती सरकार देते का?

नाही, आणि भारतीय वाचकाचा पहिला गोंधळ इथेच होतो. नॅकची स्थापना 1994 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने केली, त्यामुळे मूल्यमापन म्हटले की सरकारी यंत्रणा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत अधिस्वीकृती देणाऱ्या संस्था खासगी, ना-नफा तत्त्वावरच्या आणि सदस्य कॉलेजांच्या वर्गणीवर चालणाऱ्या असतात. वायव्येकडील राज्यांमध्ये हे काम नॉर्थवेस्ट कमिशन ऑन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज ही 1917 मध्ये स्थापन झालेली संस्था करते. अलास्का, आयडाहो, मोंटाना, नेव्हाडा, ऑरेगॉन, युटा आणि वॉशिंग्टन ही तिची परंपरागत सात राज्ये. प्रदेशांची ही वाटणी केंद्रीय नियमांतून 2020 मध्ये काढून टाकण्यात आली.

तरीही सरकार यातून पूर्ण बाहेर आहे असे नाही. कॉलेज चालवण्याची परवानगी राज्य देते, शैक्षणिक दर्जाची ग्वाही अधिस्वीकृती संस्था देते, आणि विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत केंद्रीय शिक्षण खाते देते. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार ही मदत फक्त अशाच कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मिळते, ज्याला शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्थेची अधिस्वीकृती किंवा तिची पूर्वावस्था (म्हणजे पुढे सांगितलेली उमेदवारी) प्राप्त आहे. कागदोपत्री अधिस्वीकृती ऐच्छिक आहे. पण 2024-25 या वर्षात एका गरजू विद्यार्थ्याला पेल ग्रँट या केंद्रीय अनुदानातून कमाल 7,395 डॉलर मिळू शकत होते, ही एकच गोष्ट पाहिली तरी त्या ऐच्छिकतेला फारसा अर्थ उरत नाही हे लक्षात येते.

मग ‘स्वतंत्र’ अधिस्वीकृती म्हणजे काय? ती नसताना कॉलेज चालते कसे?

नवे किंवा फार लहान कॉलेज पहिल्याच दिवशी अधिस्वीकृती मिळवू शकत नाही, कारण त्यासाठी दाखवायला विद्यार्थी हवेत, निकाल हवेत आणि काही वर्षांचे हिशेब हवेत. दुसऱ्या बाजूने, अधिस्वीकृती नसेल तर विद्यार्थी येणार नाहीत. हा पेच सोडवण्यासाठी ते कॉलेज शेजारच्या मोठ्या, अधिस्वीकृत कॉलेजशी करार करते. वर्ग गावात भरतात, शिक्षक गावातले असतात, इमारत गावाची असते. पण अभ्यासक्रम, क्रेडिट आणि सहसा पदवीदेखील यजमान कॉलेजची असते. आर्थिक मदतीची पात्रताही त्याच्याच आधाराने येते.

ऑरेगॉनमध्ये पोर्टलंड कम्युनिटी कॉलेज या राज्यातल्या सर्वांत मोठ्या कम्युनिटी कॉलेजने असे यजमानपद अनेकांसाठी केले आहे. कोलंबिया नदीकाठचे कोलंबिया गॉर्ज, टिलामूक बे आणि ऑरेगॉन कोस्ट ही तिन्ही लहान कॉलेजे त्याच्याशी करार करून चालली आणि पुढे स्वतंत्र झाली. शेजारच्या आयडाहोत कॉलेज ऑफ वेस्टर्न आयडाहो 2009 मध्ये कॉलेज ऑफ सदर्न आयडाहोच्या आधाराने सुरू झाले आणि 2017 मध्ये त्याला स्वतःची अधिस्वीकृती मिळाली. ते लहान नव्हते, फक्त नवे होते.

करार सुरळीत चालू असेल, तर वेगळे व्हायचे कशासाठी?

प्रतिष्ठा हे कारण भाषणांमध्ये पुढे केले जाते, आणि स्वतःच्या गावाचे नाव पदवीवर असावे ही इच्छा समजण्यासारखीही आहे. परंतु खरे कारण अभ्यासक्रमाचा अधिकार हे आहे.

समजा, बंदरातल्या बोट दुरुस्तीच्या कारखान्यांना अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग येणारी माणसे हवी आहेत आणि गावातला शिक्षक ते शिकवायला तयार आहे. करारातल्या कॉलेजला हा विषय सुरू करायचा तर तो यजमान कॉलेजच्या अभ्यासक्रमसूचीत असावा लागतो. नसल्यास तिथल्या विभागातील प्राध्यापकांनी प्रस्ताव मांडायचा, तिथल्या अभ्यासक्रम समितीने तो मंजूर करायचा, आणि ज्या विषयाचा त्यांच्या शहराला काही उपयोग नाही त्यासाठी त्यांनी आपल्या बैठकीतला वेळ का द्यावा, याला उत्तर नसते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. मोठ्या कॉलेजची समिती आपल्या विद्यार्थ्यांच्या हिताने चालते, तशीच ती चालली पाहिजे. पण दीडदोनशे किलोमीटरवरच्या गावाला लागणारा विषय त्या समितीच्या यादीत कायम तळाशी राहतो.

दुसरी बाजू उलट दिशेने त्रास देते. यजमान कॉलेजने एखादा विषय बंद केला, त्याची क्रेडिट बदलली किंवा पूर्वअट वाढवली, की ते बदल लहान कॉलेजला निमूटपणे स्वीकारावे लागतात. शिवाय करार हा करारच असतो. यजमान कॉलेजचे धोरण बदलले आणि त्याने नूतनीकरणास नकार दिला, तर लहान कॉलेजपुढे नवा यजमान शोधण्यावाचून मार्ग नसतो. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयातील ज्या प्राध्यापकाने अभ्यास मंडळाकडे एखाद्या स्थानिक विषयाचा प्रस्ताव पाठवून उत्तराची वाट पाहिली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ऑरेगॉन कोस्ट कम्युनिटी कॉलेजचे उदाहरण कशासाठी घ्यावे?

कारण ‘लहान’ आणि ‘ग्रामीण’ ही दोन्ही विशेषणे त्याला पुरेपूर लागू पडतात. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील लिंकन परगण्याची लोकसंख्या सुमारे 50 हजार. परगण्याचे मुख्य ठिकाण न्यूपोर्ट हे जेमतेम दहा हजार वस्तीचे, खेकडे आणि मासेमारीवर जगणारे बंदर आहे. पोर्टलंड शहर तिथून गाडीने दोन तासांहून अधिक दूर. कॉलेजची स्थापना 1987 मध्ये मतदारांच्या कौलाने झाली. सुरुवातीचा बराच काळ त्याला स्वतःची धड इमारत नव्हती. 2004 मध्ये मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, म्हणजे आपल्या मालमत्ता करात वाढ मान्य केली, आणि त्यातून न्यूपोर्टचा आजचा परिसर उभा राहिला.

या गावाची एक खासियत आहे. ऑरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे हॅटफिल्ड सागरी विज्ञान केंद्र 1965 पासून न्यूपोर्टला आहे, ऑरेगॉन कोस्ट अ‍ॅक्वेरियम हे मत्स्यालय 1992 मध्ये तिथेच सुरू झाले, आणि अमेरिकी सरकारच्या सागरी व वातावरणविषयक संस्थेचे प्रशांत महासागरातले जहाजतळ 2011 मध्ये तिथे हलवण्यात आले. मत्स्यालयातील टाक्यांचे पाणी, गाळणयंत्रणा आणि जलचरांचे आरोग्य सांभाळणारे तंत्रज्ञ तयार करणारा अ‍ॅक्वेरियम सायन्सचा अभ्यासक्रम या कॉलेजात शिकवला जातो, तो या परिस्थितीतूनच आला. अमेरिकेतही असे अभ्यासक्रम बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात. स्वतःच्या गरजेतून विषय घडवणे म्हणजे काय, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कॉलेजला नॉर्थवेस्ट कमिशनची स्वतंत्र अधिस्वीकृती 2020 मध्ये मिळाली. स्थापनेपासून मोजले तर तीस वर्षांहून अधिक काळ ते दुसऱ्यांच्या अधिस्वीकृतीच्या आधाराने शिकवत होते, आणि या काळात तिथे शिकून गेलेल्यांचे काही बिघडले नाही, हेही लक्षात ठेवावे. स्वतंत्र नसलेले कॉलेज निकृष्ट असते, हा समज चुकीचा आहे.

या प्रक्रियेचे टप्पे कोणते आणि त्याला किती काळ लागतो?

ढोबळमानाने तीन टप्पे असतात : पात्रता, उमेदवारी आणि प्रारंभिक अधिस्वीकृती. पात्रतेच्या अर्जात कॉलेजला राज्याची परवानगी आहे, त्याचे निर्णय घेणारे मंडळ स्वायत्त आहे, पूर्णवेळ प्रमुख अधिकारी आहे, हिशेबांची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी होते, अशा मूलभूत गोष्टी दाखवाव्या लागतात. त्यानंतर स्वयंमूल्यमापन अहवाल आणि समितीची भेट झाली की उमेदवारीचा दर्जा मिळतो. उमेदवारी म्हणजे ‘हे कॉलेज सर्व निकषांना आज उतरत नसले, तरी ठरावीक मुदतीत उतरेल असे दिसते’ असे लेखी मत. केंद्रीय नियमांनुसार हा काळ पाच वर्षांपेक्षा जास्त लांबवता येत नाही. त्याच्या आत अंतिम निर्णय व्हावाच लागतो. मधल्या काळात अंतरिम अहवाल आणि पुन्हा भेटी होतात.

पात्रतेच्या आधीची तयारी मात्र कोणत्याच नियमात मोजलेली नसते, आणि लहान कॉलेजचा सर्वांत जास्त काळ तिच्यातच जातो.

स्वयंमूल्यमापन अहवालात नेमके काय लिहायचे असते?

नॉर्थवेस्ट कमिशनच्या 2020 च्या निकषांत दोनच मोठे भाग आहेत. पहिला विद्यार्थ्यांचे यश, संस्थेचे ध्येय आणि तिची परिणामकारकता यांविषयी. दुसरा कारभार, साधनसंपत्ती आणि क्षमता यांविषयी. दुसरा भाग तुलनेने सोपा, कारण त्यात नियमावल्या, अंदाजपत्रके, ग्रंथालय, सेवकांची पात्रता असे दाखवता येण्यासारखे पुरावे असतात. अडचण पहिल्या भागात येते.

तिथे प्रश्न असा विचारला जातो की, विद्यार्थी अमुक शिकला हे कॉलेजला कसे कळते आणि कळल्यावर कॉलेजने काय केले? परीक्षेचा निकाल हे याचे पुरेसे उत्तर मानले जात नाही. एक काल्पनिक पण नेहमीचे उदाहरण घेऊ. निबंधलेखनाच्या वर्गात विद्यार्थी संदर्भ नीट देत नाहीत, असे तीन शिक्षकांच्या लक्षात येते. ते सर्व वर्गांतले काही निबंध, नावे झाकून, एकाच मोजपट्टीने तपासतात आणि निम्म्याहून अधिक निबंध त्या एका मुद्द्यावर कमी पडलेले दिसतात. विभागाच्या बैठकीत ठरते की चौथ्या आठवड्यात ग्रंथपालांचा एक तास घ्यायचा आणि पहिला मसुदा गुण न देता परत करायचा. पुढच्या वर्षी तीच मोजपट्टी पुन्हा लावतात. चांगल्या कॉलेजात हे एरवीही घडते, पण चहाच्या टेबलावर घडते आणि विसरले जाते. समितीला बैठकीचे इतिवृत्त हवे असते, मोजपट्टीचा कागद हवा असतो, दोन्ही वर्षांचे आकडे हवे असतात आणि त्या निर्णयासाठी पैसे लागले असतील तर ते अंदाजपत्रकात कुठे दिसतात हेही हवे असते. सुधारणा झाली नाही असे आकड्यांतून निघाले, तरी चालते. त्यानंतर काय विचार केला हे लिहिलेले असले म्हणजे झाले.

आपल्याकडे भेटीच्या आदल्या महिन्यात मागील तारखांची इतिवृत्ते तयार करण्याची जी सवय काही ठिकाणी लागली आहे, ती इथे उपयोगी पडत नाही, कारण एका वर्षाच्या निर्णयाचा माग पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कागदपत्रांत सापडावा लागतो.

भेटीला येणारी समिती कोणाची असते?

इतर अधिस्वीकृत कॉलेजांतील प्राध्यापक, प्रशासक, वित्त अधिकारी आणि ग्रंथपाल यांची. हे काम ते मानधनासाठी करत नाहीत. आज मी तुमचे पाहतो, उद्या माझ्या कॉलेजचे कोणी पाहील, या परस्परतेवर ही पद्धत उभी आहे. भेट काही दिवसांची असते. संचालक मंडळ, शिक्षक, कार्यालयीन सेवक आणि विद्यार्थी यांच्याशी वेगवेगळ्या बैठका होतात आणि काही बैठका प्राचार्य किंवा अध्यक्ष हजर नसताना घेतल्या जातात. समिती निर्णय देत नाही. ती अहवाल आणि शिफारस देते. निर्णय कमिशनचे सभासद घेतात, आणि त्यांत निदान एक सप्तमांश सभासद शिक्षणक्षेत्राबाहेरचे, जनतेचे प्रतिनिधी असावेत असा केंद्रीय नियम आहे.

लहान कॉलेजला सर्वांत जड काय जाते?

माणसे. पैशांची अडचण असतेच, पण तीसुद्धा अखेर माणसांच्या संख्येत दिसते.

करार चालू असताना यजमान कॉलेज जी कामे करत असते, त्यांतली बरीच कोणाला दिसत नाहीत. विद्यार्थ्याचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय व गुणांची अधिकृत नोंद, काढणे, पदवीच्या अटी पूर्ण झाल्या का ते पडताळणे, अभ्यासक्रमसूची अद्ययावत ठेवणे, केंद्रीय आर्थिक मदतीचे अर्ज तपासून पैसे वेळेवर आणि नियमाने वाटणे, विद्यार्थ्याने मध्येच शिक्षण सोडल्यास परत करायची रक्कम काढणे, शिक्षण खात्याला दरवर्षी आकडेवारी पाठवणे, ही सारी कामे मोठ्या कॉलेजात स्वतंत्र कार्यालये करतात. स्वतंत्र झाल्यावर ती सगळी लहान कॉलेजच्या अंगावर येतात. निकष मात्र पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजला जे, तेच पाचशेच्या कॉलेजला. मोठ्या ठिकाणी जे काम दहा जणांचा विभाग करतो, ते इथे एकच बाई करतात, आणि त्या आजारी पडल्या किंवा निवृत्त झाल्या की संस्थेची अर्धी स्मृती त्यांच्याबरोबर जाते. अभ्यासक्रम समिती, मूल्यमापन समिती, अंदाजपत्रक समिती या तिन्हींच्या इतिवृत्तांत तीच सहा-सात नावे दिसतात. शिक्षकांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. त्यांना समितीच्या कामाचे वेगळे पैसे दिले नाहीत तर त्यांनी ते का करावे, आणि दिले तर ते कोठून आणावेत, हा प्रश्न प्रत्येक अशा कॉलेजला भेडसावतो.

स्वतंत्र होण्याचा विचार करणाऱ्या कॉलेजने प्रथम ही न दिसणारी कामे एका कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे आज कोण करते, उद्या कोण करील आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, असे तीन रकाने भरावेत, असे या लेखकाचे मत आहे. तिसरा रकाना बहुतेक ओळींत रिकामा राहत असेल, तर अर्ज दोन वर्षे पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरेल. अधिकार मिळवण्याचा उत्साह साऱ्यांना असतो. रजिस्ट्रारच्या कार्यालयात दुसरे पद निर्माण करण्यासाठी मंडळात मत मागायचे असते, तेव्हा तो उत्साह कुठे दिसत नाही.

यासाठी खर्च किती येतो आणि तो कोण करतो?

अर्जाचे शुल्क, भेटीचा प्रवास-निवास खर्च आणि पुढे दरवर्षीची सदस्यवर्गणी हे थेट खर्च कॉलेजने करायचे असतात. वर्गणी संस्थेच्या आकारानुसार ठरत असल्याने लहान कॉलेजला ती झेपते. खरा भार नव्या पदांच्या पगारांचा आणि विद्यार्थी-नोंदींच्या संगणकप्रणालीचा असतो. दुसऱ्या बाजूला यजमान कॉलेजला द्यावे लागणारे कराराचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे नव्या पदांना पुरतील, या हिशेबावर मात्र कोणी विसंबून राहू नये.

संक्रमणाच्या काळात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे काय होते?

उमेदवारीच्या काळात करार सहसा चालूच ठेवला जातो, त्यामुळे विद्यार्थ्यांची क्रेडिट आणि आर्थिक मदत खंडित होत नाही. स्वतंत्र अधिस्वीकृती कोणत्या तारखेपासून लागू होते, हे कमिशन ठरवते, आणि विद्यार्थ्याने त्या तारखेकडे नीट लक्ष द्यावे : तिच्या आधी मिळालेली क्रेडिट यजमान कॉलेजच्या नोंदीत असू शकतात आणि नंतरची नव्याने अधिस्वीकृत कॉलेजच्या. अशा विद्यार्थ्याला पुढील विद्यापीठाकडे दोन ठिकाणची ट्रान्सक्रिप्ट पाठवावी लागतात. एखादे कॉलेज उमेदवारीतच अडकले किंवा बंद पडले, तर विद्यार्थ्यांचे शिक्षण कसे पूर्ण करून देणार, याची लेखी योजना उमेदवार कॉलेजकडून आधीच घेतलेली असते.

केंद्रीय आर्थिक मदतीचा अधिकार अधिस्वीकृतीबरोबर आपोआप मिळत नाही, त्यासाठी शिक्षण खात्याकडे निराळा अर्ज आणि निराळा करार करावा लागतो.

संस्थेला अधिस्वीकृती मिळाली की नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांनाही ती मिळते का?

नाही. संस्थेची अधिस्वीकृती आणि अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑरेगॉनमध्ये नर्सिंगचा अभ्यासक्रम चालवायचा तर राज्याच्या नर्सिंग मंडळाची मंजुरी लागते. परवान्याच्या परीक्षेला बसण्याची पात्रता त्या मंजुरीवर ठरते.

अधिस्वीकृत कॉलेजची क्रेडिट सगळीकडे चालतात का?

अधिस्वीकृतीमुळे दार उघडे राहते, आत घेण्याचा निर्णय पुढच्या विद्यापीठाचा असतो. म्हणूनच राज्याराज्यांत ठरावीक संच ठरवून दिलेले असतात. ऑरेगॉनमध्ये असोसिएट ऑफ आर्ट्स ऑरेगॉन ट्रान्सफर नावाची पदवी आहे; ती पूर्ण करणाऱ्याच्या सामान्य शिक्षणाच्या अटी राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत पूर्ण झाल्या असे धरले जाते. सुटे विषय घेऊन जाणाऱ्याला अशी हमी नसते.

अधिस्वीकृती नाकारली किंवा काढून घेतली, असे घडते का?

घडते, आणि ग्रामीण भागाबाहेरची दोन उदाहरणे यासाठी उद्बोधक आहेत. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन कॉलेजची अधिस्वीकृती 2006 मध्ये गेली. ते बंद पडू नये म्हणून शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजने त्याला आपले केंद्र म्हणून चालवले. अधिस्वीकृती 2017 मध्ये परत मिळाली आणि पूर्ण फारकत 2019 मध्ये झाली. म्हणजे ज्या वाटेने लहान कॉलेजे एकदा चालतात, तीच वाट कॉम्प्टनला दुसऱ्यांदा चालावी लागली. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची अधिस्वीकृती काढून घेण्याचा निर्णय 2013 मध्ये जाहीर झाला. तो कोर्टकचेऱ्या आणि वादविवादांत अडकला, प्रत्यक्षात अंमलात आला नाही आणि 2017 मध्ये कॉलेजला पुन्हा पूर्ण कालावधीची अधिस्वीकृती मिळाली. पण दरम्यानच्या काळात विद्यार्थ्यांची संख्या जी घसरली ती घसरलीच. त्या कॉलेजच्या शिकवण्याविषयी फारशी तक्रार नव्हती. आक्षेप मुख्यतः कारभार आणि वित्तनियोजन यांवर होते. शिकवणे उत्तम आहे म्हणून बाकीचे खपून जाईल, असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने हे प्रकरण मुळातून वाचावे.

नॅकसारखी श्रेणी इथे का नाही?

नॅकच्या पद्धतीत वर्षानुवर्षे चार गुणांच्या मोजपट्टीवर ए प्लस प्लसपासून खालपर्यंत श्रेण्या दिल्या गेल्या, आणि महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारावरील फलकांत त्या मोठ्या अक्षरांत झळकल्या. अमेरिकेतील संस्थात्मक अधिस्वीकृतीत श्रेणी नसते. कॉलेज अधिस्वीकृत असते किंवा नसते. त्रुटी असतील तर ताकीद, परिवीक्षा अशा पायऱ्या असतात आणि त्या जाहीर केल्या जातात. नॅकनेही अलीकडे श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढेच सांगणाऱ्या पद्धतीकडे जाण्याचा निर्णय घेतला आहे, आणि या लेखकाला तो योग्य दिशेचा वाटतो. श्रेणी आली की संस्था गुण मिळवण्यासाठी लिहू लागतात. श्रेणी गेल्याने खोटे लिहिणे थांबेल असे मात्र नाही.

एकदा अधिस्वीकृती मिळाली की काम संपते का?

नॉर्थवेस्ट कमिशनचे चक्र सात वर्षांचे आहे. तिसऱ्या वर्षी मध्यावधी आढावा, सहाव्या वर्षी धोरणे, नियम आणि वित्त यांची तपासणी आणि सातव्या वर्षी संपूर्ण मूल्यमापन व भेट, असा त्याचा क्रम असतो. शिवाय नवी शाखा उघडणे किंवा आजवर न दिलेल्या पातळीची पदवी सुरू करणे अशा मोठ्या बदलांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. उमेदवारीच्या काळात ज्यांनी जादा काम करून अहवाल लिहिला, त्यांना अधिस्वीकृतीच्या दुसऱ्या दिवशी सुटी हवी असते आणि ती द्यायलाही हवी. पण तिसऱ्या वर्षीचा आढावा त्या सुटीची दखल घेत नाही.

महाराष्ट्रातून अशा लहान कॉलेजात प्रवेश घ्यायचा असल्यास काय पाहावे?

पहिली गोष्ट, एफ-1 या विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा आय-20 हा दाखला देण्याचा अधिकार कॉलेजला आहे का. तो अधिकार अधिस्वीकृतीपासून वेगळा आहे आणि पुष्कळ लहान ग्रामीण कॉलेजांनी तो घेतलेला नसतो, कारण त्यांच्याकडे परदेशी विद्यार्थी फारसे येतच नाहीत. दुसरी गोष्ट, पेल ग्रँटसारखी केंद्रीय मदत एफ-1 विद्यार्थ्याला मिळत नाही, त्यामुळे वर उल्लेखलेली रक्कम आपल्या हिशेबात धरू नये. तिसरी, असोसिएट पदवी भारतातील पदवीच्या बरोबरीची नाही. दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन शिक्षण पूर्ण करण्याचा बेत पक्का असेल तरच हा मार्ग धरावा. भारतात परतल्यावर परदेशी पदवीची समकक्षता पाहिली जाते तेव्हा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल 2025 च्या नियमांनुसार, पदवी देणारी संस्था तिच्या देशात रीतसर मान्यताप्राप्त असणे आवश्यक असते.

कॉलेजची अधिस्वीकृती खरी आहे का, हे त्या कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नये. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अधिस्वीकृत संस्थांची यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. त्यात कॉलेजचे नाव, अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेचे नाव आणि सध्याची स्थिती पाहता येते. कॉलेज करारावर चालत असेल, तर यजमान कॉलेज कोणते, पदवी कोणाच्या नावाने मिळणार आणि करार कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे तीन प्रश्न प्रवेशशुल्क भरण्याआधी लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे.